नावात दडलेलं गाव, वतन आणि माया
केज तालुक्यातल्या आडसचे ते आडसकर. गावाच्या नावाला ‘कर’ जोडला की आडनाव तयार. देशमुख, कुलकर्णी ही मात्र वतनाची आडनावं. देशमुखाकडे परगण्याचा वसूल, कुलकर्ण्याकडे गावाचं दप्तर.

दगडू, धोंडू ही नावं मायेपोटी ठेवलेली. आधीची मुलं दगावली असली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून आईबाप मुद्दाम असं ओबडधोबड नाव ठेवत. ‘नकुशी’चं दुखणं वेगळं. मुलगा हवा असताना झालेल्या लेकीवर ते नाव लादलं जाई. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावं मिळाली, हे फार मोलाचं काम झालं.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नावही लागतं, तेही वडिलांच्या नावाआधी.