तीस वर्षे आमदार, पण केलं काय? : दादासाहेब गवई यांच्या निमित्ताने

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने प्रश्न विचारला होता : "सर, दादासाहेब गवई तीस वर्षं आमदार होते म्हणता, मग त्यांनी अमरावतीसाठी केलं काय?" प्रश्न सरळ आहे आणि अगदी वऱ्हाडी आहे. आपल्याकडे आमदार मोजायचा तो रस्त्यावर, बंधाऱ्यावर, कॉलेजवर. त्या मापाने गवईंचा हिशेब लागत नाही. म्हणून आज आधी माप तपासू, मग माणूस पाहू.

रामकृष्ण सूर्यभान गवई यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९२९ चा, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या दारापूरचा. आंबेडकरी चळवळीतून ते रिपब्लिकन पक्षात आले. १९६४ साली विधान परिषदेवर गेले आणि १९९४ पर्यंत तिथे राहिले. त्यातली १९६८ ते १९७८ ही दहा वर्षे उपसभापती, मग १९८२ पर्यंत सभापती, पुढे विरोधी पक्षनेतेही.

आता विधान परिषद म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांचा इथेच गोंधळ होतो. परिषदेत ७८ सदस्य असतात. ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, २२ जण स्थानिक स्वराज्य संस्थांतून येतात, पदवीधर आणि शिक्षक यांचे प्रत्येकी सात, आणि १२ जण राज्यपाल नेमतात. विधानसभेच्या आमदारामागे जसा एक तालुका उभा असतो, तसा इथे नसतो. मतदान पसंतीक्रमाचे. लहान पक्षाच्या माणसाला इथे टिकायचे तर दुसऱ्यांशी बोलणे चालू ठेवावे लागते. गवईंवर आयुष्यभर जी टीका झाली ती याच जागेवर : काँग्रेसशी जुळवून घेतात, तडजोड करतात. रिपब्लिकन पक्षात गटांमागून गट पडले, त्यातला एक 'गवई गट' म्हणूनच ओळखला गेला. ही टीका खोटी होती असं मी म्हणणार नाही. पक्ष एकसंध राहिला असता तर ज्यांच्या नावाने तो निघाला होता, त्या माणसांच्या पदरात जास्त पडलं असतं.

पण सभापतीची खुर्ची नीट पाहा. संविधानाच्या अनुच्छेद १८९ प्रमाणे पीठासीन अधिकाऱ्याला पहिल्या फेरीत मतच नसते, समसमान मते पडली तरच निर्णायक मत. म्हणजे आधीच मूठभर आमदारांचा पक्ष, त्यातल्या एकाने आपले मतही बाजूला ठेवायचे. मग मिळवले काय? बोलणाऱ्या प्रत्येकाने, मंत्र्यानेसुद्धा, "सभापती महोदय" म्हणून सुरुवात करायची आणि ते उभे राहिले की खाली बसायचे. ज्या समाजाला गावच्या चावडीवर बसायची सोय नव्हती, त्या समाजातला माणूस तिथे बसून इतरांना बोलण्याची परवानगी देत होता. आम्ही तत्त्वज्ञानवाले 'प्रतिष्ठा' या शब्दावर पानंच्या पानं लिहितो, इथे ती रोज सकाळी सभागृहाची घंटा झाल्यावर दिसत होती.

आणि काळही सोपा नव्हता. त्या चार वर्षांत वसंतदादा पाटील, शरद पवार, अंतुले, बाबासाहेब भोसले असे चार मुख्यमंत्री झाले, मधे राष्ट्रपती राजवटही येऊन गेली. १९८० मध्ये विधानसभा बरखास्त झाली. परिषद मात्र बरखास्त होत नाही, तिचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. सरकारं येत-जात होती, सभापती तेच होते.

आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग. गवई सभापती झाले जून १९७८ मध्ये. त्यानंतर लवकरच, २७ जुलैला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी संमत केला. आंबेडकरी सभापती, आणि आंबेडकरांच्या नावाचा ठराव. आणखी काय हवं? पण ठरावाची बातमी पोचली आणि मराठवाड्यातल्या गावांत दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. माणसं मारली गेली, कुटुंबं गाव सोडून निघाली. ठराव कागदावर राहिला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. त्याच वर्षी गवईंची परिषदेतली कारकीर्द संपली.

या एका उदाहरणात दोन्ही बाजू दिसतात. सभागृह काय देऊ शकतं? मान, नोंद, कायदा. काय देऊ शकत नाही? पाटलाच्या आणि महाराच्या घरामधलं अंतर ते स्वतःहून मिटवत नाही. म्हणून कुणी म्हणेल, मग सभागृहात जाऊन उपयोग काय? मी उलट विचारतो : तो ठराव नोंदलेला नसता, तर साडेपंधरा वर्षं लोकांनी मागायचं कशाच्या आधारावर? आंदोलन रस्त्यावर झालं हे खरंच, पण "तुम्हीच संमत केलंय, आता अंमल करा" हे म्हणायची सोय त्या ठरावाने दिली होती.

आता आपल्या भागाकडे येऊ. १९९८ च्या लोकसभेत काँग्रेसशी युती करून रिपब्लिकन पक्षाचे चार जण निवडून आले : अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून गवई, मुंबईतून रामदास आठवले, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. चारही जागा खुल्या! अमरावती पुढे राखीव झाली, तेव्हा नव्हती. शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांतल्या सर्व जातींच्या मतदारांनी हे केलं. गट एकत्र आले की काय होतं याचा तो पुरावा. साधारण वर्षभरात लोकसभा विसर्जित झाली, एकी टिकली नाही, आणि १९९९ मध्ये अमरावतीत गवई हरले.

पुढे ते राज्यसभेत गेले, मग बिहारचे आणि २००८ पासून केरळचे राज्यपाल झाले. तिथे जून २००९ मध्ये, मंत्रिमंडळाचा सल्ला विरुद्ध असताना, लावलीन प्रकरणात पिनराई विजयन यांच्यावर खटला चालवायला त्यांनी मंजुरी दिली. पुढे २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने विजयन यांना आरोपमुक्त केलं. निर्णय बरोबर की चूक यावर आजही वाद घालता येईल. पण जुळवून घेणारा माणूस म्हणून ज्यांना नावं ठेवली गेली, त्यांनी तिथे जुळवून घेतलं नाही, एवढं मात्र नोंदवून ठेवा.

२५ जुलै २०१५ ला नागपुरात दादासाहेब गेले. त्या तरुण मित्राला माझं उत्तर असं : बाबा, रस्ता दाखवता येईल असा आमदार हवाच. पण सभागृह चालवणाराही लागतो, आणि त्याचं काम दारापूरच्या नव्हे, विधिमंडळाच्या कामकाजाच्या छापील खंडांत सापडतं. ते खंड ग्रंथालयात मिळतात. १९७८ चा काढा, जुलै महिना उघडा आणि वाचा. मग पुढच्या वेळी आपण भांडू.