मोठा ‘एम’ की लहान ‘एम’? कमांड लाइनवरच्या तारखांचा घोळ

०५/०६/२०२४ ही तारीख बेळगावात कुणालाही दाखवा. मराठी बोलणारा असो की कन्नड, ५ जून असंच सांगेल. पण लिनक्सवर ‘डेट’ या कमांडला हीच तारीख वाचायला दिली, तर ती ६ मे समजते. तिरप्या रेघांची तारीख ती अमेरिकी पद्धतीने, म्हणजे महिना आधी धरून वाचते. १३/०६/२०२४ दिली तर तेरावा महिना नसल्याने सरळ नाकारते, ते एक बरं. भीती असते ती महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांची. दिवस आणि महिना सारखाच असलेल्या तारखा वगळल्या, तरी वर्षात १३२ तारखा निमूटपणे चुकीच्या वाचल्या जातात.

हे फक्त पाहण्यापुरतं असतं तर ठीक. समजा, दुकानाच्या हिशेबांचे जुने बॅकअप पुसायला जूनमध्ये कुणी स्क्रिप्ट लिहिली: १०/०५/२०२४ च्या आधीचं सगळं काढा. संगणक ते ५ ऑक्टोबर वाचणार. म्हणजे काल रात्रीचा बॅकअपही गेला!

मग मॅन्युअल वाचायला काय झालं, असं कुणी म्हणेल. वाचा की. पण घोळ तिथूनच सुरू होतो.

तारीख कशी द्यायची ते मॅन्युअलमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जोड्यांनी दाखवतात. अडचण अशी की इंग्रजीत महिना आणि मिनिट दोन्ही शब्द ‘एम’नेच सुरू होतात. लिनक्सच्या ‘डेट’मध्ये घड्याळ लावायच्या नमुन्यात मोठा ‘एमएम’ म्हणजे महिना आणि लहान म्हणजे मिनिट. त्याच पानावर खाली तारीख छापायच्या टक्केवाल्या खुणा आहेत. तिथे लहान ‘एम’ महिना, मोठा ‘एम’ मिनिट. एकाच पानावर दोन उलट कायदे! मॅकच्या मॅन्युअलमध्ये दोन्हीकडे टक्केवाल्या खुणांचाच नियम पाळलाय, आणि आमच्या मते तेच शहाणपणाचं. पॉझिक्स या सामाईक मानकात तर दोन्ही ‘एमएम’ लहानच; पहिला महिना, दुसरा मिनिट, ओळखून घ्या.

अक्षरांचं सोडा, क्रमही एक नाही. ०५०६०७०८०९ हा आकडा घ्या. लिनक्सवर ‘डेट’ने घड्याळ लावताना हा दिला तर ६ मे २००९, सकाळचे ७ वाजून ८ मिनिटं. फाइलची वेळ बदलणाऱ्या ‘टच’ला त्याच्या ‘टी’ पर्यायासह हाच आकडा दिला तर ७ जून २००५, ८ वाजून ९ मिनिटं. संगणक तोच, आकडा तोच. ‘डेट’ वर्ष शेवटी मागते, ‘टच’ सुरुवातीला.

यावर तोडगा जुनाच आहे. १९८८ साली आलेल्या आयएसओ ८६०१ या मानकात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा: २०२४-०६-०५. ‘डेट’च्या ‘डी’ पर्यायाला तारीख अशी दिली की महिन्याची अदलाबदल होत नाही. पुसापुशीची कमांड चालवण्याआधी तीच तारीख ‘डेट’कडून महिन्याच्या नावासकट छापून घ्यावी. दोन सेकंदांचं काम.

आणि कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी जी मुलं स्वतःची टूल्स बनवतात, त्यांनी मॅन्युअलमध्ये नुसती अक्षरं न लिहिता एक खरी तारीखही द्यावी. तीही ०१/०१ नको. ३१ डिसेंबर, रात्री २३ वाजून ५९ मिनिटं अशी द्या. त्यात महिना कुठला आणि मिनिट कुठलं, हे विचारावं लागत नाही.