मानेतला रक्तस्राव, लक्षणं पक्षाघाताची

एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, की पहिली शंका पक्षाघाताची येते. बहुतेक वेळा ती खरीही ठरते. पण क्वचित दोष मेंदूत नसून मानेत असतो. मणक्याचं हाड आणि मज्जारज्जूचं आवरण यांच्यामधल्या जागेत रक्तस्राव होतो, साकळलेलं रक्त मज्जारज्जू दाबतं आणि त्या बाजूची ताकद जाते.

सुरुवात बहुधा मानेत किंवा दोन खांद्यांच्या मध्ये उठलेल्या तीव्र कळेने होते. तोंड वाकडं होत नाही, बोलणं अडखळत नाही. कधी लुळ्या बाजूच्या उलट अंगाला गरम-गार कळेनासं होतं. मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये काही सापडत नाही. निदान होतं ते मानेच्या एमआरआयवर.

हा फरक फार महत्त्वाचा आहे. पक्षाघातात गुठळी विरघळवण्यासाठी साडेचार तासांच्या आत दिलं जाणारं इंजेक्शन इथे रक्तस्राव वाढवू शकतं. इथे बऱ्याचदा तातडीच्या शस्त्रक्रियेने दाब काढावा लागतो. उशीर झाला तर अपंगत्व कायमचं राहू शकतं.

घरी निदान करत बसू नका. रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या. आधी मान दुखली होती का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.