इंग्रजी संभाषणातील सूचनेची सौम्य रूपे

एखादी गोष्ट करावी असे दुसऱ्यास सुचविणे हे वरकरणी साधे दिसणारे भाषिक कार्य वस्तुतः जोखमीचे आहे. सूचना करणारा मनुष्य श्रोत्याच्या विचारात नकळत हस्तक्षेप करीत असतो, आणि ती सूचना मानली गेली नाही तर, मराठीत म्हणतात त्याप्रमाणे, त्याचा शब्द खाली पडतो. कोणाचाही मान दुखावू नये आणि सूचना तर पोचावी, ही अडचण प्रत्येक भाषिक समाजास आपापल्या परीने सोडवावी लागते. पेनेलपी ब्राउन व स्टीव्हन लेव्हिन्सन यांनी १९७८ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या व १९८७ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या शिष्टाचारविषयक विवेचनात इंग्रजीच्या जोडीला मेक्सिकोतील त्सेल्ताल आणि दक्षिण भारतातील तमिळ या भाषा घेतल्या, त्या या प्रश्नाची व्याप्ती ध्यानी घेऊनच. इंग्रजीने या कामी योजिलेली साधने पुष्कळशी क्रियापदाच्या रूपांत दडलेली आहेत, आणि म्हणूनच ती परक्या श्रोत्याच्या सहजी लक्षात येत नाहीत.

त्यांतील सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे भूतकाळाचे रूप. 'आय वॉज वंडरिंग इफ वुई कुड लीव्ह अर्ली' असे म्हणणाऱ्याच्या मनातील विचार मागे कधी येऊन संपलेला नसतो. तो बोलतानाही चालूच असतो. तेव्हा हे रूप येथे काळाचे दर्शक नसून अंतराचे दर्शक आहे. वक्ता जणू असे सुचवितो की, विचार मनात येऊन गेला, त्यास आपण चिकटून बसलेलो नाही. मग श्रोत्याने नकार दिला तरी तो त्या येऊन गेलेल्या विचाराला मिळतो, समोर बसलेल्या माणसाला मिळत नाही. 'कॅन'च्या जागी 'कुड', 'मे'च्या जागी 'माइट', 'विल'च्या जागी 'वुड' येते त्याचेही कारण हेच होय. 'यू कुड रिंग हिम' या वाक्याच्या अखेरीस स्वर खाली उतरून पुन्हा किंचित वर चढला, म्हणजे इतरही मार्ग मोकळे आहेत असे ध्वनित होते.

मराठीस ही युक्ती अगदीच अपरिचित आहे असे नाही. 'मी म्हणत होतो, आज जाऊ नये' असे म्हणणारा गृहस्थही ते त्याच क्षणी म्हणत असतो. परंतु मराठीत अशी भूतरूपे काही ठराविक प्रयोगांपुरती आढळतात, आणि सौम्यतेचा मुख्य भार 'बघा', 'जमल्यास', 'बरे होईल' यांसारख्या शब्दांवर पडतो. इंग्रजीत मात्र सहायक क्रियापदांची जवळजवळ सर्व व्यवस्थाच या कामी राबते. एक अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. 'यू हॅड बेटर' हे रूपाने भूतकालीन असले तरी सौम्य नव्हे. 'केलेले बरे' असा त्याचा अर्थ शिकविला जातो खरा. पण न केल्यास परिणाम भोगावा लागेल, ही तंबी त्यात असते. आजारी प्राध्यापकास सद्भावनेने 'यू हॅड बेटर टेक रेस्ट, सर' असे म्हणणारा विद्यार्थी त्यांना नकळत धमकावीत असतो.

प्रश्न आणि नकार ही आणखी दोन साधने. 'व्हाय डोन्ट यू सिट डाउन?' यात न बसण्याचे कारण विचारलेले नाही. 'व्हाय डोन्ट आय मेक सम टी?' हे तर प्रश्न म्हणून निरर्थकच ठरेल, कारण आपण चहा का करीत नाही हे दुसऱ्यास विचारण्यात काय हशील? गंमत अशी की, हेच वाक्य 'व्हाय डिडन्ट यू' असे झाले की सूचना लोपते आणि बहुधा ठपका उरतो. नकाराचा तिढा याहून अवघड आहे. 'आय वंडर इफ वुई शुडन्ट टेल हर' हे शब्दशः घेणारा मराठी श्रोता 'तिला सांगू नये' असा अर्थ काढण्याचा संभव असतो. वक्त्याच्या मनात बहुधा 'तिला सांगावे' हेच असते.

'यू माइट वॉन्ट टु' हा प्रयोग विशेषतः अमेरिकन बोलीत पदोपदी आढळतो. यात वक्ता स्वतःचे मत श्रोत्याची संभाव्य इच्छा म्हणून पुढे करतो. प्रबंधाच्या मार्गदर्शकाने 'यू माइट वॉन्ट टु लुक ॲट द सेकंड चॅप्टर अगेन' असे म्हटले असता, 'इच्छा नाही' असे समजून प्रकरण तसेच ठेवणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ शकते. येथे शब्द जितके मऊ तितकी अपेक्षा मऊ, हे समीकरण चालत नाही.

मात्र ज्यांची ही मातृभाषा आहे तेही या मऊपणाने कधीकधी फसतात. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टन येथे हिमवृष्टी चालू असता एअर फ्लोरिडा कंपनीच्या बोइंग ७३७ विमानाने उड्डाण केले. इंजिनावरील बर्फ वितळविणारी यंत्रणा बंद होती, आणि त्यामुळे मापक खऱ्याहून अधिक जोर दाखवीत होता. धावपट्टीवर वेग घेत असतानाच सहवैमानिकास संशय आला. त्याने तो एकाहून अधिक वेळा बोलून दाखविला. पण प्रथम शेवटी 'नाही का?' अशा धर्तीचा प्रश्न जोडून, आणि मुख्य वैमानिकाने सर्व ठीक असल्याचे म्हणताच, 'कदाचित असेलही' अशी माघार घेऊन. 'थांबवा' असे त्याने म्हटले नाही. विमान पोटोमॅक नदीवरील पुलास धडकून पाण्यात कोसळले. पुलावरील ४ जणांसह ७८ माणसे मृत्युमुखी पडली. अपघाताची कारणे अनेक होती, आणि सर्व दोष व्याकरणावर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि शार्लट लिंड यांनी १९८८ साली विमानचालकांच्या संभाषणांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात कनिष्ठाने वरिष्ठास केलेली सूचना अधिक सौम्य असते आणि अशी सौम्य सूचना दुर्लक्षिली जाण्याचा संभवही अधिक असतो, असे दिसून आले.

विमानचालकांच्या प्रशिक्षणात आता सहवैमानिकास निराळे बोलणे शिकविले जाते: वरिष्ठास हाक मारणे, चिंता उघड सांगणे, अडचण कोणती ते सांगणे, उपाय सुचविणे, आणि अखेरीस त्यास संमती विचारणे. म्हणजे शेवटी प्रश्न येथेही येतोच; परंतु उत्तर मिळाल्यावाचून तो पुरा झाला असे मानीत नाहीत.