रंगाचा डबा नीट उघडा, उरलेला रंग वाचवा

मच्छीमार बांधवांनो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढल्यात, रंगकाम चालू होईल. तळाला लावायचा तांब्याचा रंग महाग. पण उरलेला अर्धा डबा पुढच्या हंगामात उघडावा तर वर जाड साय, नाहीतर सगळाच घट्ट! बहुतेक वेळा दोष झाकणाचा.

आपण स्क्रू-ड्रायव्हर एकाच जागी घालून जोर लावतो. कड वाकते, झाकण परत नीट बसत नाही, थिनर उडून जातो.

म्हणून आम्ही सांगतो:

१. आधी झाकणावरची वाळू, धूळ पुसा.
२. रुंद, बोथट हत्यार खाचेत घालून थोडंसंच उचला, दोन बोटं पुढे सरका. पूर्ण फेरी मारली की झाकण सरळ निघतं.
३. तांबं तळाला बसतं, ते खालून नीट ढवळा. मग लागेल तेवढाच रंग दुसऱ्या भांड्यात ओता.
४. खाच फडक्याने पुसा. झाकणावर लाकडी फळी ठेवून हातोडीने हळू ठोका.

डबा उघडत नाही म्हणून विस्तवावर धरू नका, थिनरची वाफ पेट घेते. जवळ विडीसुद्धा नको.

तुमची काही युक्ती असेल तर खाली लिहा.