पेटी एवढी मोठी का? गेम कन्सोलच्या बांधणीविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवा गेम कन्सोल जाहीर झाला की पहिली चर्चा होते ती त्याच्या रूपाची. एवढा मोठा कशाला, आकार असा वळणदार का, टीव्हीखाली मावणार कसा? ही मते बहुतेकदा फोटो पाहून बनतात आणि मोबाइलवर फिरता फिरता माहिती म्हणून पक्की होतात. मग त्यावर विसंबून कोणी महागडा कन्सोल बंद कपाटात कोंबतो, कोणी चांगल्या यंत्राला उगाच नावे ठेवतो.

एकलहरे परिसरातल्या लोकांना यातले मर्म चटकन कळेल. इथल्या नाशिक औष्णिक विद्युत केंद्रात 210 मेगावॉटचे तीन संच आहेत. अशा केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णतेचीच वीज होते. उरलेली बाहेर टाकायला मोठी यंत्रणा उभारावी लागते. घरातल्या कन्सोलपुढेही प्रश्न तोच असतो. घेतलेली वीज शेवटी उष्णता होते आणि ती बाहेर काढावीच लागते. कन्सोलचा आकार मुख्यतः त्यावरच ठरतो.

गैरसमज 1 : कन्सोल मोठा आहे, म्हणजे बांधणी जुनाट आहे.

वस्तुस्थिती : प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी आला. 390 मिलिमीटर लांब आणि साडेचार किलो वजनाचे ते यंत्र पाहून अनेकांनी नाक मुरडले. पण त्याआधीच, ऑक्टोबर 2020 मध्ये, सोनीचे अभियंते यासुहिरो ओतोरी यांनी कॅमेऱ्यासमोर तो सुटा करून दाखवला होता. आत 120 मिलिमीटर व्यासाचा, 45 मिलिमीटर जाडीचा, दोन्ही बाजूंनी हवा ओढणारा पंखा आणि भलामोठा हीट सिंक, म्हणजे चिपची उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा भाग, होता. पंखा मोठा असला की कमी वेगातही भरपूर हवा खेळते आणि आवाज कमी होतो. आधीच्या पिढीतला प्लेस्टेशन 4 प्रो जड गेम चालू असताना किती घोंघावायचा, हे तो वापरलेल्यांना आठवत असेल. 2020 मध्येच आलेल्या एक्सबॉक्स सीरिज एक्सचा चौकोनी खांबासारखा आकारही याच कारणाने आहे. हवा खालून आत येते आणि माथ्यावरच्या एकाच मोठ्या पंख्यातून बाहेर पडते.

तंत्र सुधारले की पेटी लहान होतेच. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या प्लेस्टेशन 5 च्या सडपातळ आवृत्तीचे आकारमान 30 टक्क्यांहून अधिक घटले.

गैरसमज 2 : उभा ठेवला की आतला द्रव धातू ओघळतो.

वस्तुस्थिती : प्लेस्टेशन 5 मध्ये चिप आणि हीट सिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा द्रव धातू असतो. तो सांडू नये म्हणून भोवती सील असते. जानेवारी 2023 मध्ये उभ्या कन्सोलविषयी घबराट पसरली. मात्र ज्या दुरुस्ती कारागिराच्या बोलण्यावरून ती पसरली, त्यानेच नंतर खुलासा केला की त्रास आधी उघडलेल्या वा आपटलेल्या यंत्रांमध्ये दिसला होता. कंपनी उभा आणि आडवा, दोन्ही प्रकारे ठेवायला परवानगी देते. यंत्र आपटू नये आणि स्वतः उघडून हीट सिंकला हात लावू नये, एवढी काळजी मात्र हवी.

गैरसमज 3 : नव्या कन्सोलच्या जाळीतून धूर येतो.

वस्तुस्थिती : नोव्हेंबर 2020 मध्ये एक्सबॉक्स सीरिज एक्समधून धूर निघत असल्याचे व्हिडिओ जगभर फिरले. ई-सिगारेटची वाफ यंत्रात फुंकली की असेच दृश्य दिसते, हे इतरांनी करून दाखवले आणि शेवटी एक्सबॉक्सला जाहीरपणे सांगावे लागले की आमच्या यंत्रात अशी वाफ फुंकू नका. जाळीतून गरम हवा येणे हे पंखा नीट काम करत असल्याचे लक्षण आहे.

गैरसमज 4 : चुंबकाने चिकटणारे कंट्रोलर खेळताना निसटतील.

वस्तुस्थिती : 5 जून 2025 रोजी आलेल्या निन्टेन्डो स्विच 2 चे कंट्रोलर चुंबकाने बसतात. पण ते काढायला मागचे बटण दाबावे लागते. नुसते ओढून ते सहजी निघत नाहीत. पडदा 6.2 इंचांवरून 7.9 इंचांचा झाला, तरी जाडी पहिल्या स्विचएवढीच, 13.9 मिलिमीटर आहे. हातात धरायचे यंत्र वीज कमी घेते, म्हणून ते पातळ ठेवता येते. टीव्हीला जोडल्यावर ते जास्त ताकदीने चालते, म्हणून त्याच्या नव्या डॉकमध्ये पंखा दिला आहे.

गैरसमज 5 : प्लेस्टेशन 5 च्या मागे 350 वॉट लिहिले आहे, म्हणजे बिल फुगणार.

वस्तुस्थिती : तो आकडा कमाल क्षमतेचा आहे. सुरुवातीचा प्लेस्टेशन 5 जड गेममध्ये साधारण 200 वॉट घेतो, म्हणजे पाच तासांत सुमारे एक युनिट.

गैरसमज 6 : धूळ बसली की फुंकर मारायची, आणि बसू नये म्हणून वर कापड टाकायचे.

वस्तुस्थिती : फुंकर मारायची सवय जुन्या टीव्ही गेमच्या कॅसेटपासूनची आहे. तेव्हाही कॅसेट चालू व्हायची ती मुख्यतः काढून पुन्हा बसवल्यामुळे; फुंकरीतल्या ओलाव्याने उलट धातूचे संपर्क गंजायचे. निन्टेन्डोनेही तसे न करण्याचा सल्ला दिला होता.

औष्णिक केंद्राच्या परिसरात धुळीचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. धुराड्याआधीच बहुतांश राख पकडली जाते, पण राखेची वाहतूक आणि उन्हाळी वारा यांमुळे बारीक कण घरात येतातच. प्लेस्टेशन 5 च्या बाजूच्या पांढऱ्या पट्ट्या वापरणाऱ्याला हाताने काढता येतात. त्यांच्याखाली धूळ साठण्यासाठी मुद्दाम ठेवलेली दोन छिद्रे आहेत. कन्सोल बंद करून, प्लग काढून, तिथे व्हॅक्यूम क्लीनर हलक्या वेगाने लावावा. कापड टाकायचेच तर यंत्र बंद होऊन थंड झाल्यावर टाकावे. चालू कन्सोलवर टाकलेले कापड हवा अडवते आणि धुळीपेक्षा जास्त नुकसान करते.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. प्लेस्टेशन 5 साठी सांगितलेले खोलीचे तापमान 5 ते 35 अंश सेल्सियस आहे. नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीवर जातो. त्या दिवसांत भर दुपारी तासन्‌तास खेळण्यापेक्षा सकाळी किंवा रात्री खेळणे यंत्राला मानवते.

म्हणून पालकांना आणि मुलांना एक विनंती. नवा कन्सोल घेण्याआधी त्याच्या रंगरूपावर वाद घालण्यापेक्षा हातात टेप घ्या आणि टीव्हीखालची जागा मोजा. भिंतीपासून किमान 10 सेंटिमीटर अंतर राहते का, मागची बाजू मोकळी आहे का, जाळीपर्यंत हात पोचून धूळ काढता येते का, हे पाहा. एवढी जागा देता येत नसेल, तर आधी कपाट बदला आणि मगच कन्सोल घ्या.