इथिओपियाची चव माचावर घडते

२३ सप्टेंबर २०२५ रोजी युरोपीय आयोगाने जंगलतोडविरोधी कायद्याची अंमलबजावणी आणखी वर्षभर पुढे ढकलण्याचा मनोदय जाहीर केला. कारण दिले गेले संगणक यंत्रणेचे. एवढ्या नोंदींचा भार तिला पेलणार नाही, असे आयोगाचे म्हणणे. त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात अरेबिका कॉफीने पौंडाला चार डॉलरची रेषा ओलांडली. ऑगस्टमध्ये ब्राझीलच्या मालावर अमेरिकेने ५० टक्के शुल्क लादले. १ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय कॉफी दिन असतो. कॉफीबद्दलचे एवढे मथळे एका वर्षात क्वचितच येतात. पण या सगळ्या गदारोळात जो देश कॉफीचे माहेर आहे, त्या इथिओपियाची बाजू मागेच राहते.

युरोपचा कायदा सांगतो की कॉफी ज्या जमिनीत पिकली तिचा नकाशावरचा नेमका ठिकाणा द्या आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर तिथे जंगल तोडलेले नाही हे दाखवा. ब्राझीलमधल्या हजार एकरांच्या मळ्याला हे सोपे आहे. इथिओपियातली बहुतेक कॉफी मात्र छोट्या शेतकऱ्यांच्या परसात आणि रानाच्या कडेला पिकते. एकेका पोत्यात शेकडो घरांची चेरी, म्हणजे कॉफीची फळे, मिसळलेली असतात. त्यामुळे मिळालेल्या मुदतीत नकाशे काढून होतील, पण एक मोठी गोष्ट नोंदवायची राहूनच जाईल. जगभरचे कॉफीशौकीन ज्या फळाळ चवीसाठी इथिओपियाची ‘नॅचरल’ कॉफी शोधत फिरतात, ती चव जमिनीत अर्धीच तयार होते. उरलेली अर्धी वाळवणाच्या माचांवर, माणसांच्या हातून घडते. या कॉफीचे मोल ठरवायचे तर त्या हातांपासून सुरुवात करायला हवी.

वाळतानाही बी जागी असते

दक्षिण इथिओपियात साधारण नोव्हेंबर ते जानेवारी हा वाळवणाचा हंगाम. पिकलेली लालजर्द चेरी तोडून आणतात. ‘वॉश्ड’ पद्धतीत तिची साल काढून, चिकट गर आंबवून धुऊन टाकतात. नॅचरल पद्धतीत सालीला हातही लावत नाहीत. अख्खे फळ कमरेइतक्या उंचीच्या माचांवर पसरतात. खाली लाकडी खांब, वर बांबू किंवा जाळी, त्यामुळे हवा खालूनही खेळते. तासगावकडे बेदाण्यासाठी जाळ्यांवर पसरलेली द्राक्षे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे ओळखीचे वाटेल. फरक एवढाच की इथे फळ वाळवायचे ते आतल्या बीसाठी.

ताज्या चेरीत साठ टक्क्यांहून जास्त पाणी असते. बीमधला ओलावा अकरा-बारा टक्क्यांवर यायला दोन ते चार आठवडे लागतात, उंचावरच्या थंड, ढगाळ जागी त्याहूनही जास्त. पहिले काही दिवस सर्वांत जोखमीचे. थर पातळ ठेवायचा आणि दिवसभर चेरी हलवत राहायची. भर दुपारी ती झाकायची, नाहीतर साल तडकते. रात्री पुन्हा झाकायची, नाहीतर दव बसते. थर जाड झाला की बुरशी धरते, आंबण्याची क्रिया हाताबाहेर जाते आणि कपात व्हिनेगरचा किंवा कुजकट वास उतरतो. वाळवण्याची घाई केली तर चेरी वरून खडखडीत आणि आतून ओली राहते. हलवणे, झाकणे, कच्ची आणि किडकी फळे एकेक करून वेचणे ही कामे बहुतांशी स्त्रिया करतात. एवढे करून पाच-सहा किलो चेरीमागे जेमतेम एक किलो बी हाती लागते.

मग ती ब्लूबेरीची, स्ट्रॉबेरीची, क्वचित वाइनची आठवण देणारी चव येते कुठून? कॅफेत हमखास मिळणारे उत्तर असे, की फळाचा गोड रस वाळता वाळता बीत मुरतो. ऐकायला हे छान वाटते, पण ते पुरेसे नाही. यीस्ट आणि जीवाणू सालीखालच्या गरावर वाढतात आणि फळांच्या वासाची एस्टर संयुगे तयार करतात, हा झाला एक भाग. दुसरा भाग जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या डिर्क सेल्मार, गेरहार्ड बायटॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडला, आणि माझ्या मते कॉफीच्या विज्ञानातली ती सर्वांत थक्क करणारी गोष्ट आहे.

तोडलेल्या चेरीतली बी जिवंत असते, हे त्यांनी दाखवून दिले. ती अंकुरण्याच्या तयारीला लागते. वॉश्ड पद्धतीत गर निघून गेल्यामुळे ही हालचाल दोनेक दिवसांतच टोकाला पोहोचते. नॅचरल पद्धतीत फळाचा गर बीला रोखून धरतो, म्हणून तोच टप्पा आठवडाभराने येतो. धुण्याच्या प्रक्रियेत बी आपल्याकडचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोठ्या प्रमाणात खर्च करून टाकते, नॅचरलमध्ये ते बरेचसे शिल्लक राहते. शिवाय पाणी हळूहळू आटत असताना बीवर ताण येतो आणि गाबा नावाचे अमिनो आम्ल तिच्यात साठते. एरवी दुष्काळाला तोंड देणाऱ्या वनस्पतीही ताण आला की हेच करतात. पुढे भाजताना याच शर्करा आणि अमिनो आम्लांमधून सुवास तयार होतात.

म्हणजे माचावर दोन कामे एकाच वेळी चाललेली असतात. बाहेर गरात सूक्ष्मजीव राबत असतात आणि आत एक जिवंत बी ताण सोसत असते. चेरी किती वेळा हलवली, केव्हा झाकली यावर या दोन्हींचा वेग ठरतो. माचाशी उभी असलेली बाई सावलीचे कापड ओढते, तेव्हा ती भविष्यातल्या कपाची चव ठरवत असते. तिला केवळ हमाल समजणे हा अन्याय आहे.

डोंगरागणिक निराळी

‘इथिओपियन’ ही एकच चव नाही, आणि त्याचे एक कारण झाडांच्या वैविध्यात आहे. अरेबिका ही प्रजातीच मुळात दोन रानटी कॉफींच्या नैसर्गिक संकरातून जन्मली. हा संकर सुमारे सहा लाख वर्षांपूर्वी झाला असावा, असा अंदाज २०२४ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मधल्या जनुकीय अभ्यासाने मांडला. बाबा बुदान यांनी सतराव्या शतकात येमेनमधून चिकमगळूरच्या डोंगरात बिया आणल्या असे सांगतात, त्या बियांचे पूर्वजही इथिओपियाच्या रानातले. जगभरच्या मळ्यांत गेलेली अरेबिका मूठभर झाडांची संतती आहे. इथिओपियात मात्र नैऋत्येच्या रानांत आणि शेतकऱ्यांच्या परसांत आजही विलक्षण वैविध्य टिकून आहे.

पाकिटावर ‘हेअरलूम’, म्हणजे परंपरागत वाण, एवढेच छापून हे वैविध्य झाकून टाकण्याची रीत मला पटत नाही. १९७१ मध्ये कॉफीच्या फळांवरचा बुरशीजन्य रोग इथिओपियात पोहोचला. तेव्हा जिम्माच्या संशोधन केंद्राने रानोमाळ फिरून रोगाला न जुमानणारी झाडे हेरली. ७४११० आणि ७४११२ हे वाण त्या मोहिमेतले. त्यातले ७४ म्हणजे १९७४ हे निवडीचे वर्ष. दक्षिणेतल्या अनेक गाजलेल्या कॉफींत हेच वाण असतात. त्यांच्यामागे शास्त्रज्ञांची मेहनत आहे आणि पाकिटावर ती दिसायला हवी.

दक्षिणेकडे गेदेओ प्रदेशात यिर्गाचेफे आहे. उंच झाडांची सावली, तिच्याखाली केळीच्या कुळातले एन्सेट आणि त्यांच्या मधोमध कॉफी, अशी तिथली शेती. एन्सेटचे खोड आंबवून केलेली कोचो ही भाकरी तिथले रोजचे अन्न. २०२३ मध्ये युनेस्कोने गेदेओचा हा सारा भूप्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदवला. इथली नॅचरल कॉफी नाजूक आणि फुलांच्या वासाची असते. शेजारच्या गुजीत, शाकिसो आणि हांबेलाच्या बाजूला, पिकलेल्या फळाचा गोडवा ठळक होतो. २०१९ च्या सार्वमतानंतर स्वतंत्र प्रांत झालेल्या सिदामात १,७०० ते २,२०० मीटर उंचीवरची कॉफी मिळते, ती भरीव आणि तजेलदार. उंचावर फळ सावकाश पिकते, बी घट्ट होते.

पूर्वेला हरार. पाण्याची टंचाई असल्याने इथली कॉफी पिढ्यान् पिढ्या अख्ख्या फळात वाळवली जाते. फ्रेंच कवी आर्थर रँबो कविता सोडून १८८० मध्ये याच शहरात कॉफीच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला आला. रानटी, वाइनसारखी, किंचित मसालेदार अशी हरारची ख्याती होती. आज तिथल्या अनेक शेतकऱ्यांनी कॉफी उपटून ‘चाट’ लावले आहे. या झुडपाची पाने नशेसाठी चघळतात. ते वर्षातून अनेकदा तोडता येते आणि पैसा ताबडतोब देते. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण कॉफीला त्याने जेवढे दिले तेवढे कॉफीने त्याला परत दिले नाही.

हलक्या प्रतीपासून लिलावापर्यंत

नॅचरल ही इथिओपियाची सर्वांत जुनी रीत, पण व्यापारात ती दीर्घकाळ गरिबाघरची मानली गेली. १९७० च्या दशकात यिर्गाचेफेच्या बाजूला धुण्याची केंद्रे आली. उत्तम चेरी तिकडे जाऊ लागली आणि उरलेली जमिनीवर वाळू लागली. भारतातही चित्र वेगळे नव्हते. आपल्याकडे धुतलेली अरेबिका ‘प्लँटेशन’ म्हणून मानाने विकली जाते, तर न धुतलेली ‘अरेबिका चेरी’ म्हणून कमी भावाने.

ही समजूत मोडण्यात अदिस अबाबाचे निर्यातदार अब्दुल्ला बागेर्श यांचा वाटा मोठा आहे. २००० च्या दशकात त्यांनी यिर्गाचेफेजवळच्या इदिदो गावात उलटा डाव मांडला. सर्वोत्तम पिकलेली चेरी त्यांनी धुण्याऐवजी माचांवर घेतली, पातळ थरात सतत हलवली आणि कसोशीने निवडली. ‘इदिदो मिस्टी व्हॅली’ नावाने ही कॉफी अमेरिकेत पोहोचली आणि कपातल्या ब्लूबेरीने तिथले जाणकार चकित झाले. झाड तेच होते, डोंगरही तोच होता. बदलले होते ते फक्त माचावरचे लक्ष.

पुढे २००८ मध्ये ‘इथिओपिया कमोडिटी एक्स्चेंज’ हा शेतमालाचा बाजार सुरू झाला. शेतकऱ्याला रोख पैसा वेळेवर मिळावा हा हेतू चांगलाच होता. पण प्रदेश आणि प्रतीनुसार माल एकत्र होऊ लागला आणि कोणत्या गावाने, कोणत्या माचावर कॉफी घडवली हा धागा तुटला. २०१७ च्या सुधारणांनी तो पुन्हा जोडला आणि उत्पादकांना थेट निर्यातीची वाट मोकळी झाली. २०२० मध्ये इथिओपियात पहिल्यांदाच कॉफीची ‘कप ऑफ एक्सलन्स’ स्पर्धा भरली. चौदाशेहून अधिक नमुने आले. पहिली आली सिदामाच्या निगुसे गेमेडा यांची नॅचरल कॉफी आणि लिलावात तिला पौंडाला १८५ डॉलरहून जास्त भाव मिळाला. एकेकाळी हलकी ठरवलेली रीत देशाच्या मुकुटस्थानी बसली.

पण लिलावाचा भाव हा अपवाद आहे. गावागावांत वाळलेली अख्खी चेरी, तिथल्या बोलीत ‘जेनफेल’, ही घरातली बचत असते. मुलांची फी, आजारपण, लग्न, जशी गरज पडेल तसे एकेक पोते विकायचे. ही रीत शेतकऱ्याला आधार देते, म्हणून ती टिकायला हवी. मात्र त्याला चांगले माच, सावलीचे कापड आणि निवडीचे पैसे मिळाले नाहीत, तर हीच चेरी पुन्हा जमिनीवर जाईल.

पाऊस चुकला तर

माचांना कोरडा हंगाम लागतो. वाळवणाच्या ऐन दिवसांत अवकाळी पाऊस आला की आठवड्यांची मेहनत वाया जाते. लंडनच्या क्यू उद्यानातले आरन डेव्हिस आणि इथिओपियन सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास याहून मोठा इशारा देतो. काहीच उपाय केले नाहीत, तर आजच्या कॉफीक्षेत्रापैकी ३९ ते ५९ टक्के जमीन शतकाअखेर कॉफीला निरुपयोगी ठरू शकते. लागवड अधिक उंचावर नेली, जंगल राखले तर क्षेत्र वाढूही शकते, हेही तोच अभ्यास सांगतो. सुमारे दीड कोटी इथिओपियन लोकांची उपजीविका कॉफीशी बांधलेली आहे. त्यांच्यासाठी हा प्रश्न चुलीचा आहे. देशातली जवळपास निम्मी कॉफी तर घरच्या घरीच संपते. जेबेना या मातीच्या सुरईतून अबोल, तोना, बराका अशा तीन फेऱ्या होईपर्यंत तिथला पाहुणा उठत नाही.

अशा वेळी श्रीमंत देशांनी फक्त नकाशे मागणे मला अपुरे वाटते. सिदामो, यिर्गाचेफे आणि हरार ही नावे आपली व्यापारचिन्हे म्हणून नोंदवण्यासाठी इथिओपियाला झगडावे लागले. त्यावरून स्टारबक्स कंपनीबरोबर झालेला वाद २००७ मध्ये करार होऊन मिटला. नावावरचा हक्क मिळाला, कामाचे मोल मिळायचे बाकी आहे.

पुण्या-मुंबईत आता चांगल्या कॉफीची दुकाने वाढत आहेत आणि आपल्या चिकमगळूर-कोडगूच्या मळ्यांतही माचांवरच्या नॅचरल कॉफी निघू लागल्या आहेत. तेव्हा ग्राहकालाही काही करता येईल. इथिओपियन नॅचरल घेताना गाव, वाळवण केंद्र आणि हंगाम विचारावा. फळाचा वास इतका भडक असेल की दारूच आठवावी, तर ती बहुधा जादा आंबलेली असते, तिला दुर्मीळ म्हणून डोक्यावर घेऊ नये. उत्तम नॅचरल स्वच्छ असते. फळ जाणवते आणि त्यामागे डोंगरही जाणवतो. ती हलकी भाजलेली घ्यावी, पहिला घोट दुधा-साखरेविना घ्यावा आणि कप थोडा निवू द्यावा, कारण तिची फळे गरम कपापेक्षा कोमट कपात अधिक खुलतात.

युरोपने घेतलेल्या जादा वर्षात जमिनीचे नकाशे जरूर पूर्ण व्हावेत. पण त्याच नोंदीत आणखी दोन रकाने असावेत, असे मला मनापासून वाटते. चेरी कोणी वाळवली आणि त्या कामाचे तिला किती मिळाले? हे दोन रकाने भरायला युरोपच्या कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. कॉफी विकणारा प्रत्येक रोस्टर ते आजच भरू शकतो, आणि पाकिटाला जास्त पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला ते मागण्याचा पूर्ण हक्क आहे.